आधी जोर, मग स्प्रे

जुन्या कॅमेऱ्याची फोकसची रिंग फिरेनाशी झाली की घरोघरी एकच क्रम ठरलेला असतो. आधी जोर, मग स्प्रे. घरातला सगळ्यांत दणकट माणूस कॅमेरा मुठीत धरून पिळून बघतो. नाही जमलं की बाइकच्या चेनला मारायचा स्प्रे येतो, त्याची बारीक नळी रिंगच्या फटीला लागते आणि फुस्स. थोड्या वेळात रिंग फिरते, सगळे खूश. मग काही दिवसांनी शटरच्या पात्या एकमेकींना चिकटून बसतात आणि कॅमेरा माझ्याकडे येतो. सोबत निरोप असतो, ‘‘मॅडम, फोकस आम्ही घरीच नीट केलंय, फक्त क्लिक होत नाही.’’

मी आयटीआयमध्ये इन्स्ट्रुमेंट मेकॅनिक ट्रेडला शिल्पनिदेशक होते. दाब, तापमान, प्रवाह, पातळी मोजणारी उपकरणं उघडायची, साफ करायची, जुळवून पुन्हा खरी करायची, हे दोन वर्षांत मुलांच्या हातात बसवायचं, हे माझं काम. कॅमेरा अभ्यासक्रमात कधीच नव्हता. तो नोकरीत असताना शौक होता आणि निवृत्तीनंतर कोल्हापुरातल्या घरी मागच्या खोलीत टेबल मांडल्यावर उपद्रव झाला. तरीही दुरुस्तीबद्दल माझं जे मत झालंय ते सांगायला प्रेशर गेजपेक्षा हा अडलेला कॅमेराच सोयीचा. प्रेशर गेज कुणाच्या माळ्यावर नसतो.

केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने जुलै २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्काचा विचार करायला समिती नेमली. शेतीची अवजारं, मोबाइल आणि इलेक्ट्रॉनिक वस्तू, घरगुती टिकाऊ वस्तू आणि वाहनं, अशी चार क्षेत्रं त्यासाठी निवडली. त्याच वर्षी २४ डिसेंबरला, राष्ट्रीय ग्राहक दिनी, त्याचं पोर्टलही सुरू झालं. फ्रान्समध्ये तर २०२१ मध्ये मोबाइल, लॅपटॉप, वॉशिंग मशिन अशा वस्तूंवर ‘ही किती दुरुस्त होण्याजोगी आहे’ याचे दहापैकी गुण छापणं सक्तीचं झालं. हे सगळं व्हायलाच हवं. पण या चर्चेत एक गोष्ट न बोलता धरून चाललेली दिसते, की सुटा भाग मिळाला आणि पुस्तिका मिळाली की वस्तू दुरुस्त होते. मधे एक माणूस लागतो, त्याचं काय? त्या माणसाला स्क्रू ड्रायव्हर हातात घेण्याआधी बराच वेळ नुसतं बघत बसता यावं लागतं. बिघाड कुठे नाही, हे एकेक करून ठरवता यावं लागतं. हे शिकवायची सोय कुठल्याच पोर्टलवर नाही, आणि जिथे होती तिथूनही ती जात चाललीय.

तर, अडलेली रिंग, रेंजफाइंडर कॅमेऱ्याची.

ज्यांनी रेंजफाइंडर कॅमेरा हाताळला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. या कॅमेऱ्याला समोर दोन खिडक्या असतात, एकमेकींपासून काही सेंटिमीटरवर. एकीतून आपण थेट बघतो. दुसरीतली प्रतिमा आतल्या अर्धपारदर्शक आरशावर पडून पहिलीवर येऊन बसते. समोरचा माणूस दोनदा दिसतो. आतला आरसा किंचित फिरवत दोन माणसांचा एक माणूस केला की अंतर कळलं. जमीन मोजणाऱ्यांचं त्रिकोणाचं गणितच हे, पाया माहीत, कोन मोजला की अंतर निघालं. काही कॅमेऱ्यांत हे अंतर वाचून भिंगाच्या रिंगवर आपल्या हाताने लावावं लागतं. १९३२ च्या लायका-२ सारख्या कॅमेऱ्यांत भिंग आणि आरसा एका दांडीने जोडलेले आहेत, भिंग फिरवलं की आरसा आपोआप फिरतो.

म्हणजे ‘फोकस जाम आहे’ असं कुणी म्हणालं तरी त्या कॅमेऱ्यात जाम होऊ शकणाऱ्या यंत्रणा दोन आहेत. कुठली, हे विचारल्याशिवाय हात लावू नये.

त्याच्याही आधी विचारायचं, की तो खरंच जाम आहे का? दुसऱ्या महायुद्धानंतर जर्मनीतल्या झाइस कंपनीची कॉन्टॅक्स कॅमेऱ्याची यंत्रसामग्री नुकसानभरपाईत सोव्हिएत युनियनकडे गेली आणि तिच्यातून ‘कीव्ह’ नावाचे कॅमेरे तयार झाले. या कॅमेऱ्यात भिंग अनंत अंतरावर आणलं की एक छोटा खटका पडून ते तिथेच अडकतं. पुढच्या दातेरी चाकाजवळची पट्टी दाबली की सुटतं. जुन्या लायकाच्या एल्मार भिंगालाही रिंगवर असंच बटण असतं. मुद्दाम केलेली सोय आहे ती. माझ्याकडे एक कीव्ह आला होता त्याच्या रिंगवर पकडीच्या दातांचे व्रण होते. आत काहीही बिघडलेलं नव्हतं. पट्टी दाबली, सुटला. मालकांनी विचारलं, ‘‘एवढंच?’’ एवढंच. पण व्रण आता कायमचे.

खटका नसेल आणि भिंग निघणारं असेल, म्हणजे झोर्की, फेड किंवा स्क्रूच्या लायकासारखा कॅमेरा असेल, तर भिंग काढायचं आणि हातात धरून फिरवून बघायचं. हातात मोकळं फिरतंय आणि कॅमेऱ्यावर बसवलं की अडतंय, तर दोष कॅमेऱ्याच्या आतल्या दांडीत. हातातही अडतंय, तर दोष भिंगात. एका हाताचा हा प्रयोग, काही न उघडता अर्धी शक्यता गेली. माझ्या मुलांना मी हेच सांगायचे, की उघडण्याआधी जेवढं वगळता येईल तेवढं वगळा. मुलांना हे मुळीच आवडायचं नाही. त्यांना पाना हवा असायचा.

मग अडतंय कसं, ते बघायचं. रिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत सारखीच जड आहे, सकाळच्या थंडीत जास्त आणि दुपारी जरा सैल, तर वंगण सुकलंय. फिरताना खरखर लागते, तर वाळू गेलीय किंवा आट्यांवर गंज चढलाय. एका ठरावीक जागी येऊन ठप्प होते आणि तिथून मागे मोकळी जाते, तर कॅमेरा कधीतरी पडलाय, रिंग चेपलीय किंवा एखादा स्क्रू वर आलाय. या शेवटच्या प्रकारात जगातलं कुठलंही तेल ओतलं तरी उपयोग नाही. तरी लोक ओततात. शिलाई मशिनचं तेल सगळ्यांत लोकप्रिय. एका गृहस्थांनी तर घरचं खोबरेल सोडलं होतं. खोबरेल साधारण २४ अंशांच्या खाली थिजतं. त्यांचा कॅमेरा उन्हाळ्यात चालायचा आणि दिवाळीनंतर बंद पडायचा, नि ते दरवर्षी म्हणायचे, जर्मन कॅमेऱ्याला आपली थंडी मानवत नाही. जर्मन कॅमेऱ्याला, कोल्हापूरची थंडी!

आता एक खरा जाम झालेला कॅमेरा सांगते. माझा एक जुना विद्यार्थी राजारामपुरीत मोबाइल दुरुस्तीचं दुकान चालवतो. त्याच्या एका गिऱ्हाइकाने आजोबांचा कॅमेरा आणून दिला होता, आग्फा आयसोलेट-३. १९५० च्या दशकातला, म्युनिकमध्ये बनलेला, भाता उघडून भिंग पुढे येणारा. १२० नंबरच्या रोलवर ६ बाय ६ सेंटिमीटरचे बारा फोटो. रेंजफाइंडर आहे, पण भिंगाला न जोडलेला. वरचं चाक फिरवून अंतर वाचायचं आणि रिंगवर लावायचं. गिऱ्हाइकाने हौसेने एक रोल काढून पाहिला होता.

‘‘मॅडम, हा जाम नाहीच,’’ तो म्हणाला. ‘‘रिंग फिरतीय की. जरा जोर लागतोय एवढंच. पण फोटो सगळे धुरकट.’’

‘‘काय फिरतंय ते बघितलंस का?’’

‘‘रिंग फिरतीय म्हंजे भिंगच फिरणार की.’’

या कॅमेऱ्यात सगळं भिंग पुढेमागे होत नाही. फक्त सगळ्यांत पुढची काच तिच्या कडीसकट आट्यांवर फिरते आणि दुसऱ्या काचेपासून जवळ-लांब होते. तेवढ्या अंतरावर फोकस बदलतो. ही पुढची कडी मधल्या काचेच्या कडीत बसते, आणि ती मधली कडी शटरच्या तोंडात, तीही आट्यांवरच. पुढच्या आट्यांना फिरायचं असतं, मधल्या आट्यांना घट्ट बसून राहायचं असतं. आता पुढच्या आट्यांमधलं ग्रीस सुकून दोन्ही कड्या एकजीव झाल्या आणि वरून कुणी जोर लावला, तर काय होईल? जो जोड फिरायला हवा तो फिरणार नाही, आणि जो घट्ट राहायला हवा तो सुटायला लागेल. दोन्ही काचा जोडीने शटरमधून बाहेर येत राहतात. रिंग फिरते, आकडे सरकतात, हाताला वाटतं सगळं ठीक आहे. आणि ज्या एका फटीवर सारा फोकस अवलंबून, ती तसूभरही हलत नाही.

जुन्या आग्फांचा हा दोष कॅमेरे दुरुस्त करणाऱ्या सगळ्यांना पाठ आहे. त्यांचं ग्रीस कालांतराने हिरवट पडून असं घट्ट होतं, की दोन धातू झाळून जोडल्याची शंका यावी.

माझ्या विद्यार्थ्याला रिंगच्या कडेचे तीन बारीक स्क्रू ढिले करायला लावले. पूर्ण काढायचे नाहीत, निघाले की घरंगळतात आणि मग मागच्या खोलीत सगळे जमिनीवर. रिंग वर उचलली की पुढची कडी आणि तिच्यामागे मधल्या कडीची धार दिसते. दोन्हींवर मार्करने एकेक ठिपका काढायला लावला, समोरासमोर. मग पुढची कडी बोटाने फिरवायला सांगितली. दोन्ही ठिपके हातात हात घालून निघाले. तो बघत राहिला. मग म्हणाला, ‘‘आयला. जाम आहे म्हणून फिरतीय.’’

मला विचाराल तर दुरुस्ती इथेच झाली. यापुढचा भाग नुसत्या चिकाटीचा आहे, पण लोकांना तोच ऐकायचा असतो, म्हणून सांगते.

दोन्ही कड्या जोडीनेच शटरमधून काढून घ्यायच्या. आता शटर दूर आहे, त्यामुळे द्रावण वापरायला हरकत नाही. ग्रीस म्हणजे साबणाच्या जाळीत धरून ठेवलेलं तेल. वर्षानुवर्षांत तेल झिरपून जातं, उरलेलं हवेने घट्ट होतं आणि आट्यांत डिंकासारखा थर राहतो. घड्याळजी वापरतात ते पांढरं पेट्रोल किंवा लायटरमध्ये भरायचं पेट्रोल घ्यायचं, झाकणाच्या काचेच्या बरणीत कड्या बुडवून रात्रभर ठेवायच्या. खिडकी उघडी, गॅस आणि देवघरातलं निरंजन लांब. नाही सुटल्या तर अ‍ॅसिटोन. पण अ‍ॅसिटोन रंगही खातं, त्यामुळे आकडे कोरलेली रिंग त्यात कधीही टाकायची नाही. आणि दोन काचा डिंकाने चिकटवून एक केलेलं भिंग तर अजिबात नाही. या कॅमेऱ्याच्या सोलिनार भिंगात असा जोड मागच्या बाजूला असतो, पुढच्या दोन काचा सुट्याच असतात, म्हणून इथे निभावतं.

मधूनमधून बाहेर काढून, पूर्ण वाळवून, मग हेअर ड्रायरची ऊब. पेट्रोल ओलं असताना ड्रायर लावण्याचा विचारही करू नका. इथे थोडं डोकं लागतं. तापवल्यावर अ‍ॅल्युमिनियम दर अंशाला दहा लाखांत सुमारे २३ भाग वाढतं, पितळ सुमारे १९. बाहेरची कडी अ‍ॅल्युमिनियमची आणि आतली पितळी असेल तर ऊब दिल्यावर फट वाढेल. उलट असेल तर कडी आणखी आवळेल, मग तापवून नंतर थंड होऊ द्यावं. पकड चालवायची नाही. सायकलच्या ट्यूबचे दोन तुकडे दोन कड्यांवर गुंडाळायचे, दोन्ही हातांनी धरून मागेपुढे अगदी थोडं हलवायचं. ‘थोडं’ यावर जोर. हललं की पुन्हा पेट्रोलमध्ये.

माझ्या विद्यार्थ्याने दुसऱ्याच दिवशी फोन केला, ‘‘मॅडम, व्हाइसमध्ये धरू का?’’ नको म्हटलं. त्यानंतर त्याने रोज विचारलं. शेवटी एका सकाळी त्याचा फोन आला तो नुसता हसत.

सुटताना एक काळजी. पुढची कडी आट्यांतून नेमकी कुठल्या जागी बाहेर पडली तिथे खूण करायची. अशा आट्यांना सुरुवातीची तोंडं एकाहून जास्त असू शकतात, चुकीच्या तोंडातून बसवली की रिंग छान फिरते आणि फोकस कधीच लागत नाही. मग लाकडी टूथपिक आणि सुती कापडाने आटा न् आटा साफ, आणि नवं ग्रीस नावापुरतं. बोटाला लागलंय न लागलंय इतपत. व्हॅसलिन नको, आपल्या उन्हाळ्यात ते पातळ होऊन चालायला लागतं. भिंगामागे काही मिलिमीटरवर शटरच्या पात्या असतात, पातळ पोलादाच्या आणि पूर्ण कोरड्या चालायच्या. तेलाचा पुसटसा पापुद्राही त्यांना धरून ठेवायला पुरतो. स्प्रेचा घोटाळा हाच. तो जुनं ग्रीस पातळ करतो, रिंग सुटते, आणि ते पातळ झालेलं सगळं फटीफटीतून मागे शटरवर जातं. लोक म्हणतात कॅमेरा दुसऱ्यांदा बिघडला. दुसऱ्यांदा कसला, आपणच बिघाड एका जागेवरून उचलून दुसऱ्या जागी नेला.

शेवटी अनंत अंतर लावणं. कॅमेऱ्याची पाठ उघडून फिल्म जिथे टेकते त्या रुळांवर घासलेली काच ठेवायची, खरखरीत बाजू भिंगाकडे. अशी काच विकत शोधायची गरज नाही, आमच्या कोल्हापूरच्या उद्यमनगरात व्हॉल्व्ह घासायची पेस्ट कुठल्याही दुकानात मिळते, साध्या काचेच्या तुकड्यावर ती पाण्यात घालून घोटली की झालं. शटर ‘बी’वर उघडं ठेवायचं, छिद्र पूर्ण मोठं, आणि भिंगातून काचेवर पडलेली उलटी प्रतिमा दुसऱ्या भिंगाने बघत पुढची कडी फिरवायची. माझ्या गच्चीवरून जोतिबाचा डोंगर दिसतो. अंतर म्हणून उत्तम, पण त्याची कड धुरकट असते. मी अलीकडचा मोबाइल टॉवर धरते, त्याच्या लोखंडी पट्ट्या कराकरा उमटतात. टॉवर धारदार झाला की रिंग अनंताच्या खुणेवर बसवून तीन स्क्रू आवळायचे.

त्या पोराने हे सगळं स्वतः केलं. गिऱ्हाइकाला बिल किती लावायचं, हे मात्र त्याला शेवटपर्यंत सुचलं नाही.

आणि इथे वाचकांपैकी हिशेबी मंडळी बोलणार, हे मला माहीत आहे. इतका वेळ, इतके कष्ट, आणि कॅमेरा काय किमतीचा? रोल महाग, धुऊन देणारे हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. त्यापेक्षा कॅफेच्या फळीवर शोपीस म्हणून काय वाईट? यातलं बरंचसं मला मान्य आहे. प्रत्येक जुना कॅमेरा वाचलाच पाहिजे असं मी म्हणत नाही. पावसाळ्यात माळ्यावर राहून काचेत बुरशीने जाळं विणलेले, भात्याला चाळणी झालेले कितीतरी कॅमेरे मी स्वतःच ‘ठेवा तसाच’ म्हणून परत केलेत. आणि रिंग अनंतावर अडकलेली असेल, तुम्हाला फक्त डोंगर-देवळं टिपायची असतील, तर अजिबात उघडू नका. तसाच वापरा. ७५ मिलिमीटरचं भिंग १० मीटरवर अडकलेलं असलं तरी छिद्र एफ/११ ला ठेवा, साधारण पाच मीटरच्या पुढचं सगळं चालण्याजोगं येतं. न करणं हाही दुरुस्तीतला निर्णयच आहे, फक्त तो बघून घेतलेला असावा.

माझा मुद्दा कॅमेऱ्याच्या किमतीचा नाही. हा कॅमेरा बनवणाऱ्याने तीन स्क्रू बाहेरून दिसतील असे ठेवले, कारण त्याने धरूनच चाललं होतं की पुढे कधीतरी कुणीतरी हे उघडणार. आज मोबाइलची पाठ डिंकाने बंद असते. पाणी आत जाऊ नये हे त्याचं कारण खरं आहे, मी ते नाकारत नाही. नव्या मिररलेस कॅमेऱ्यांच्या बऱ्याच भिंगांत तर रिंग आणि काच यांचा थेट संबंधच उरलेला नाही. रिंग फक्त मोटरला संदेश देते, बॅटरी नसेल तर कितीही फिरवा. ग्रीस सुकल्याचा जडपणा बोटांना जाणवायला तिथे वावच नाही. सोय झाली, वेग आला, आणि बोटांकडून मिळणारी माहिती बंद झाली. अशा वस्तूंसाठी कायद्याने पुस्तिका द्यायला लावणं गरजेचं आहेच. माझं म्हणणं इतकंच, की पुस्तिका वाचू शकणारा हात जुन्या, उघडता येणाऱ्या, चुका माफ करणाऱ्या वस्तूंवरच तयार होतो. थेट डिंक लावलेल्या मोबाइलवर तयार होत नाही. तिथे पोरं ‘पार्ट बदलू’ एवढंच शिकतात. माझ्या विद्यार्थ्यालाही तेच येत होतं. त्यात त्याचा दोष नाही, मोबाइलच्या धंद्यात बघत बसायला वेळच कुणाला आहे?

कोल्हापूरला हे मी सांगावं असं नाही खरं तर. बाबूराव पेंटरांनी याच गावात सिनेमाचा कॅमेरा स्वतः तयार केला आणि त्यांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीचा ‘सैरंध्री’ १९२० साली पडद्यावर आला. परदेशी यंत्र उघडून, समजून घेऊन, इथे घडवायचं, ही या गावची जुनी सवय. लेथवर बसणारे हात उद्यमनगरात अजून आहेत. पण त्यांची पुढची पिढी कॉम्प्युटरवर प्रोग्रॅम भरते, आणि यंत्र अडलं की कंपनीच्या इंजिनिअरला फोन लावते.

म्हणून आयटीआयकडे माझं मागणं अगदी किरकोळ आहे, नव्या इमारतीचं किंवा नव्या ट्रेडचं नाही. प्रत्येक संस्थेत एक टेबल ठेवा, आठवड्यातून एक दुपार. गावातल्या लोकांनी घरातली बंद पडलेली वस्तू आणावी, शिलाई मशिन, भिंतीवरचं घड्याळ, टेबलफॅन, असला तर कॅमेरा. मुलांनी पहिल्या तासात हत्याराला हात लावायचा नाही. वस्तू बघायची, हलवायची, वास घ्यायचा, आणलेल्या माणसाला प्रश्न विचारायचे आणि कागदावर लिहायचं, की दोष कुठे असेल आणि कुठे नसेल, कशावरून. मग उघडायचं. गुण कागदाला द्यायचे, दुरुस्त झालं की नाही त्याला नंतर. मी नोकरीत असताना मुद्दाम बिघडवलेले गेज देऊन हे थोडंफार करून घ्यायचे. मुलं कुरकुरायची, निरीक्षणाला आलेले साहेब विचारायचे, ही पोरं नुसती बसलीयत का? बसलीयत, साहेब. बसायला शिकतायत.

खर्च विचाराल तर भंगारवाल्याचा. अडचण अशी आहे की परीक्षेत ‘कार्यकृती’ला गुण आहेत, निदानाला स्वतंत्र गुण नाहीत, आणि ज्याला गुण नाहीत ते कुठलाही निदेशक फार दिवस शिकवू शकत नाही. अभ्यासक्रम ठरवणाऱ्यांनी एवढं एक बदललं तरी पुष्कळ होईल.

तोवर, ज्यांच्या घरी अडलेला कॅमेरा आहे त्यांच्यासाठी. माझ्याकडे कुरिअरने पाठवू नका, माझ्या टेबलावर आधीच जागा नाही. तुमच्या गावात घड्याळजी असतील तर त्यांना दाखवा, त्यांच्यापैकी पुष्कळांचा हात यावर चालतो. नेताना सांगा की कॅमेरा कधी पडला होता का, शेवटचा कधी चालला, थंडीत जास्त अडतो की सारखाच. आणि स्प्रे मारून झाला असेल तर लाजू नका, तेही आधीच सांगा. नाहीतर घड्याळजी बिचारा निम्मा दिवस फोकसमध्ये घालवेल आणि बिघाड असेल शटरमध्ये.